कीटक आणि त्यांचे सहजीवी जिवाणू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कीटकांच्या अंगात राहणाऱ्या जिवाणूंचा विषय निघाला की काही प्रश्न हमखास येतात. विद्यार्थी विचारतात, शेती करणारे विचारतात, ढेकणांनी हैराण झालेला माणूसही विचारतो. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. आधी साधे प्रश्न आहेत, मग हळूहळू अडचणीचे. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. ‘हा जिवाणू चांगला की वाईट?’ असं विचारत बसण्यापेक्षा ‘या कीटकाला कशाची उणीव आहे आणि ती कोण भरून काढतंय?’ असं विचारलं, तर बराचसा गुंता सुटतो.

१. सहजीवी जिवाणू म्हणजे नक्की काय? कीटकाच्या पोटात सापडणारा प्रत्येक जिवाणू सहजीवीच म्हणायचा का?

नाही. पानाबरोबर, धुळीबरोबर पोटात गेलेले बरेचसे जिवाणू विष्ठेवाटे निघून जातात. जे कीटकाच्या शरीरात टिकून राहतात, तिथेच वाढतात आणि त्या जातीच्या कीटकांत पिढ्यानपिढ्या सापडतात, ते सहजीवी.

त्यांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिला गट अनिवार्य सहजीवींचा. यांच्याशिवाय कीटक वाढत नाही किंवा त्याला पिल्लं होत नाहीत. दुसरा गट ऐच्छिक सहजीवींचा. हे एकाच जातीच्या काही कीटकांत असतात, काहींत नसतात. असले तर विशिष्ट परिस्थितीत उपयोगी पडतात (प्रश्न ९). हा फरक लक्षात ठेवला तर पुढची उत्तरं सोपी जातील.

२. पण कीटकाला जिवाणूंची गरजच का पडावी? तो स्वतःचं स्वतः का भागवत नाही?

कारण काही रसायनं बनवायची कला प्राण्यांकडे नाहीच. प्रथिनांसाठी वीस अमिनो आम्लं लागतात. त्यांपैकी सुमारे दहा प्राण्यांना शरीरात बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळावी लागतात. ब गटातल्या बहुतेक जीवनसत्त्वांचं तेच. वनस्पती आणि अनेक जिवाणू मात्र ही सगळी रसायनं स्वतः बनवतात.

नाना प्रकारचं खाणाऱ्या प्राण्याचं यावाचून अडत नाही. एका अन्नातली कमतरता दुसऱ्यातून भरून निघते. पण कीटकांत असे असंख्य आहेत, जे जन्मापासून मरेपर्यंत एकच पदार्थ खातात. वनस्पतीच्या रसवाहिनीतल्या रसात साखर भरपूर, आवश्यक अमिनो आम्लं मात्र अगदी थोडी. जलवाहिनीतला रस तर जवळजवळ पाणीच. रक्तात प्रथिनं मुबलक, पण ब जीवनसत्त्वं अपुरी. लाकडात कार्बन हवा तेवढा, नायट्रोजन नावालाच. म्हणून एखादा कीटक आयुष्यभर अशा एकाच एकसुरी अन्नावर जगताना दिसला, की त्याच्या अंगात जिवाणू शोधावेत. ते बहुधा सापडतातच. आणि पृथ्वीवर कीटक एवढ्या विविध अन्नांवर पसरले, याचं मोठं श्रेय मी तरी या जिवाणूंना देईन.

३. सर्वांत चांगला अभ्यासलेला नमुना कोणता?

मावा आणि त्याच्यातला बुखनेरा. कीटकांतल्या सहजीवनाच्या अभ्यासाला आयुष्य वाहिलेल्या पाऊल बुखनर या जर्मन शास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ १९९१ मध्ये या जिवाणूला हे नाव मिळालं. दोघांची सोबत किमान सोळा कोटी वर्षं जुनी मानली जाते.

मावा रसवाहिनीत सोंड खुपसून बसतो. रसातली जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो, आणि पानं चिकट होतात ती त्यामुळेच. साखरेचा प्रश्न त्याला नसतोच, चणचण असते ती अमिनो आम्लांची. ती बुखनेरा पुरवतो. यातले बारकावे पाहण्यासारखे आहेत. मावा आपल्याकडची साधी, सहज बनणारी अमिनो आम्लं जिवाणूला देतो. त्यांतला नायट्रोजन वापरून बुखनेरा आवश्यक अमिनो आम्लं तयार करतो. पण ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन या तिघांच्या बाबतीत शेवटच्या पायरीचं जनुक बुखनेराकडे उरलेलंच नाही. ती पायरी माव्याची पेशी स्वतःच्या विकराने (एन्झाइमने) पूर्ण करते. म्हणजे एकाच रेणूची जोडणी जिवाणूत सुरू होते आणि कीटकात संपते. दोघांपैकी एकट्याला ती जमत नाही.

४. हे जिवाणू शरीरात नेमके कुठे असतात?

प्रत्येक जातीत जागा वेगळी. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, तुडतुडे यांच्यात जिवाणूंसाठी खास मोठ्या पेशी असतात, आणि त्या पेशींच्या आत जिवाणू राहतात. झुरळात ते चरबीच्या ऊतीत असतात, वाळवीत आतड्याच्या मागच्या भागात. झाडांवरच्या काही ढेकणांच्या मधल्या आतड्याला छोट्या पिशव्या फुटलेल्या असतात आणि त्या जिवाणूंनी भरलेल्या असतात. एका गांधीलमाशीच्या तर मिशांत जिवाणू सापडतात (प्रश्न १०).

खास पेशींत ठेवलेल्या जिवाणूंना बाहेर फिरायची मुभा नसते. धान्यातल्या सोंड्यात हे प्रयोगाने दिसलं आहे. त्या पेशी एक जिवाणूरोधक प्रथिन सतत बनवत असतात. प्रयोगात ते प्रथिन बनणं कमी केलं, तेव्हा जिवाणू पेशीतून निसटून इतर ऊतींत पसरले. सहजीवन म्हणजे नुसता सलोखा नव्हे. त्यात पहारा असतो, आणि तो कायम चालू असतो.

५. पिल्लांपर्यंत हे जिवाणू पोहोचतात कसे?

मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. प्रत्येक गटाने आपली वेगळी तऱ्हा काढली आहे.

माव्याची मादी बहुतेक ऋतूंत नराशिवायच पिल्लं देते, तीही अंडी न घालता थेट जिवंत. तिच्या पोटात गर्भ वाढत असतो आणि त्या गर्भाच्या पोटात पुढच्या पिढीचे गर्भ सुरू झालेले असतात. गर्भ अगदी सुरुवातीच्या अवस्थेत असताना आईच्या शेजारच्या पेशीतून बुखनेरा बाहेर टाकले जातात आणि गर्भ ते आत ओढून घेतो. जन्माला येणाऱ्या पिल्लाबरोबर जिवाणू आधीच असतात.

वनस्पतींचा रस पिणाऱ्या मेगाकोप्टा या ढेकणाची रीत याहून वेगळी. मादी अंडी घालताना त्यांच्या खाली तपकिरी रंगाच्या बारीक कुप्या ठेवते. या कुप्यांत इशिकावाएला हा जिवाणू भरलेला असतो. पिल्लं अंड्यातून बाहेर पडली की सर्वांत आधी खाली सोंड लावतात, कुपीतला ऐवज शोषतात आणि मग अंड्यांपाशी निवांत बसतात. संशोधकांनी कुप्या काढून घेतल्या, तेव्हा ती पिल्लं थांबायलाच तयार नव्हती. ती इकडेतिकडे शोधत फिरत राहिली. जिवाणू न मिळालेल्या पिल्लांची वाढ पुढे खुंटली.

आफ्रिकेतली त्सेत्से माशी एका वेळी एकच अळी पोटात वाढवते आणि तिला दुधासारखा स्राव पाजते. जिवाणू त्या दुधातून जातात. वाळवीच्या आतड्याचं मागचं अस्तर कात टाकताना निघून जातं, त्याबरोबर जिवाणूही जातात. मग ती वारुळातल्या दुसऱ्या वाळवीच्या गुदद्वारातून येणारा द्रव पिऊन ते परत मिळवते. वाळवीला एकटं राहणं परवडत नाही, त्याचं हेही एक कारण.

यात एक अपवाद आहे. शेंगांवरचा रिप्टॉर्टस हा ढेकूण आईकडून काहीच घेत नाही. प्रत्येक पिढीतलं पिल्लू आपला जिवाणू मातीतून नव्याने मिळवतं. या सवयीचा मोठा परिणाम होतो, तो प्रश्न ११ मध्ये आहे.

६. रक्त तर पौष्टिक असतं. मग ढेकूण आणि उवांना जिवाणू कशाला हवेत?

प्रथिनांच्या हिशेबाने पौष्टिक, जीवनसत्त्वांच्या हिशेबाने नाही. डासांच्या अळ्या पाण्यात नाना पदार्थ खातात, म्हणून प्रौढ मादीने रक्त प्यायलं तरी तिचं निभतं. घरातला ढेकूण, ऊ आणि त्सेत्से माशी मात्र वाढीच्या कोणत्याही टप्प्यावर रक्तापलीकडे काही खात नाहीत. त्सेत्सेची अळी आईच्या पोटात दुधावर वाढते, पण ते दूधही रक्तापासूनच बनतं.

ढेकणातला जिवाणू वोल्बाकिया आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रतिजैविक देऊन ढेकणांतला वोल्बाकिया काढून टाकला. त्यांची वाढ मंदावली आणि प्रजनन जवळपास थांबलं. त्याच ढेकणांना पाजायच्या रक्तात ब जीवनसत्त्वं मिसळली तेव्हा ते पुन्हा सावरले. जिवाणूचं काम काय होतं, हे याहून स्पष्ट दाखवता येणार नाही. उवेतला रिसिया हा जिवाणू तिला ब५ जीवनसत्त्व पुरवतो. त्सेत्सेतला विगल्सवर्थिया नसेल तर मादी वांझ होते. शिवाय अळीपणी हा जिवाणू मिळाला नाही, तर प्रौढ माशीची रोगप्रतिकारशक्तीही नीट घडत नाही.

७. वाळवी लाकूड पचवते ती जिवाणूंमुळेच ना?

अर्धं बरोबर. प्राचीन गटांतल्या वाळवीच्या आतड्यात लाकूड फोडण्याचं मोठं काम जिवाणू करत नाहीत, आदिजीव करतात. ते एकपेशीय असले तरी जिवाणूंहून कितीतरी मोठे आणि वेगळे. वाळवीची स्वतःची काही विकरंही सेल्युलोज तोडतात.

मग जिवाणू काय करतात? पहिलं काम नायट्रोजनचं. हवेतला नायट्रोजन पकडून ते वापरण्याजोगा करतात. लाकडावर जगणाऱ्याला याची किती गरज आहे, ते प्रश्न २ मध्ये आलंच आहे. काही जातींत हे जिवाणू चक्क आदिजीवाच्या पेशीच्या आत राहतात: वाळवीच्या आत आदिजीव, आदिजीवाच्या आत जिवाणू. दुसरं काम असं की, लाकूड सडताना निघणाऱ्या हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून ते ॲसिटेट बनवतात, आणि ॲसिटेट हे वाळवीचं इंधन. ऑस्ट्रेलियातल्या एका वाळवीतला मिक्सोट्रिका हा आदिजीव तर पुढे सरकतो तोच अंगाला चिकटलेल्या हजारो मळसूत्री जिवाणूंच्या वळवळीवर.

वाळवीच्या बहुसंख्य जाती मात्र नव्या गटातल्या आहेत. त्यांच्यात आदिजीव नाहीतच, तिथे जिवाणूंचाच भार जास्त. त्यांतल्याही काही वाळव्या वारुळात बुरशीची शेती करतात आणि लाकूड फोडायचं काम बुरशीवर सोपवतात. म्हणून ‘वाळवी’ असं सरसकट म्हटलं की उत्तर चुकायची शक्यता असते.

८. झुरळ काहीही खातं. त्याला कसली उणीव?

त्याचं अन्न कधी भरपूर नायट्रोजनचं असतं, कधी अजिबात नाही. चंगळीच्या दिवसांत जास्तीचा नायट्रोजन झुरळ युरिक आम्लाच्या रूपात चरबीच्या ऊतीत साठवतं. तंगीच्या दिवसांत त्याच ऊतीतला ब्लॅटाबॅक्टेरियम या टाकाऊ नायट्रोजनपासून अमिनो आम्लं बनवून देतो. सुतार मुंग्यांतला ब्लॉकमानिया हा जिवाणूही युरियातला नायट्रोजन पुन्हा वापरात आणतो.

९. अन्नाखेरीज आणखी काही फायदा होतो का?

होतो, आणि तो थेट जीव वाचवणारा असू शकतो. माव्यात एक छोटी गांधीलमाशी अंडं घालते. तिची अळी माव्याला आतून खाते आणि शेवटी त्याचं फक्त वाळकं टरफल उरतं. पण माव्यात हॅमिल्टोनेला हा ऐच्छिक सहजीवी असेल तर बरेचदा ती अळीच मरते. यातली खरी गंमत पुढे आहे. अळीला मारणारी विषं हॅमिल्टोनेलाची स्वतःची नाहीत, त्याच्यात दडलेल्या एका विषाणूच्या जनुकांतून ती बनतात. तो विषाणू गमावलेला हॅमिल्टोनेला माव्याला वाचवू शकत नाही.

मग प्रत्येक माव्यात हॅमिल्टोनेला का नसतो? कारण तो बाळगण्याची किंमत मोजावी लागते. गांधीलमाश्या नसलेल्या पिंजऱ्यात मावे वाढवले, तेव्हा हॅमिल्टोनेला असलेल्यांचं प्रमाण पिढ्यांगणिक घटत गेलं. पिंजऱ्यात गांधीलमाश्या आणून सोडल्या, तेव्हा ते वाढलं. फायदा जिवाणूवर जितका अवलंबून, तितकाच परिस्थितीवर. हे एक वाक्य विसरलं की या विषयातल्या निम्म्या बातम्या चुकीच्या वाचल्या जातात.

रेगिएला नावाचा दुसरा जिवाणू माव्याला मारणाऱ्या एका बुरशीपासून त्याचं रक्षण करतो. तिसऱ्या एका जिवाणूमुळे लाल मावा वाढता वाढता हिरवा होतो.

१०. मिशांत जिवाणू बाळगणाऱ्या गांधीलमाशीचं काय प्रकरण आहे?

ही फिलँथस जातीची माशी मधमाश्यांची शिकार करते. मादी वाळूत बीळ खणते. नांगी मारून लुळी केलेली मधमाशी आतल्या कोठडीत नेऊन ठेवते आणि तिच्यावर अंडं घालते. पण अंडं घालण्याआधी ती कोठडीच्या छतावर मिशा घासते. मिशांमधल्या ग्रंथींतून टूथपेस्टसारखा पांढरा स्राव बाहेर येतो आणि छताला लागतो. त्यात स्ट्रेप्टोमायसीस गटाचे जिवाणू असतात, म्हणजे ज्या गटापासून माणसानेही कित्येक प्रतिजैविकं मिळवली तोच गट.

पुढे अळी मोठी होते आणि कोश विणायला घेते, तेव्हा छतावरचे हे जिवाणू रेशमात मिसळते. कोशाभोवती नऊ प्रतिजैविक रसायनांचं मिश्रण तयार होतं. दमट मातीत महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या कोशावर बुरशी चढत नाही ती त्यामुळे. त्या पांढऱ्या डागाचा आणखी एक उपयोग असा की, कोश कोणत्या दिशेला तोंड करून विणायचा आणि प्रौढ माशीने कुठून बाहेर पडायचं, हेही त्यावरूनच ठरतं.

पानं कापून बुरशीची शेती करणाऱ्या अमेरिकेतल्या मुंग्या अंगावर स्यूडोनोकार्डिया बाळगतात. तो त्यांच्या शेतीवर पडणाऱ्या परजीवी बुरशीला आवर घालतो. पेडेरस या भुंगेऱ्याचं नाव ऐकलं नसलं तरी त्याचा प्रताप अनेकांनी सोसला असेल. तो अंगावर चिरडला गेला की त्वचेवर फोड येतात. ते विष मादीतला जिवाणू बनवतो. अंड्यांतून ते अळ्यांना मिळतं आणि कोळ्यांपासून त्यांचा बचाव होतो.

११. जिवाणूंमुळे कीड कीटकनाशकाला दाद देत नाही, हे खरं आहे का?

काही बाबतींत पूर्ण खरं. प्रश्न ५ मधला रिप्टॉर्टस आठवा. एकाच कीटकनाशकाची, फेनिट्रोथिऑनची, पुन्हा पुन्हा फवारणी झालेल्या मातीत ते विष पचवणारे जिवाणू वाढतात. पिल्लाने मातीतून नेमका तसा जिवाणू उचलला, तर ते पिल्लू फवारणीतून वाचतं. जपानमधल्या संशोधकांनी हे २०१२ मध्ये दाखवलं. एरवी कीटकात प्रतिकारशक्ती यायला निवडीच्या कित्येक पिढ्या जाव्या लागतात. इथे ती एका पिढीत, मातीतून, जवळजवळ आयती मिळते. फवारणीचं नियोजन करणाऱ्यांनी हे फार गांभीर्याने घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

वनस्पतींच्या विषांबाबतही असंच घडतं. कॉफीच्या बिया पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या पोटातले जिवाणू कॅफिन मोडतात. मेगाकोप्टा ढेकणाच्या दोन जवळच्या जातींत तर संशोधकांनी कुप्यांची अदलाबदल करून पाहिली. एक जात सोयाबीनवर छान वाढणारी, दुसरी तिथे अंडी नीट न उबणारी. जिवाणू बदलताच हा गुण उलटा झाला. कीटक तोच, पण पीक मानवतं की नाही ते जिवाणूबरोबर बदललं. अर्थात हा नियम नव्हे. बहुतेक किडींची प्रतिकारशक्ती त्यांच्या स्वतःच्या जनुकांतूनच येते.

१२. कीटकाचा फायदा समजला. जिवाणूला काय मिळतं?

निवारा, अन्न आणि पुढच्या पिढीत जाण्याची खात्री. पण त्याची किंमत मोठी आहे. आयतं मिळत असल्यामुळे जिवाणूची जनुकं एकेक करून निकामी होतात आणि गळून पडतात. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूचा जनुकसंच सुमारे ४६ लाख अक्षरांचा (अक्षर म्हणजे डीएनएच्या साखळीतला एकेक दुवा). त्याच्याच नात्यातल्या बुखनेराचा २००० मध्ये वाचला गेला, तो निघाला जेमतेम ६ लाख ४० हजारांचा. कार्सोनेला या दुसऱ्या एका सहजीवीचा १ लाख ६० हजारांचा, आणि तुडतुड्यांतल्या नासुइयाचा तर १ लाख १२ हजारांचा. असा जिवाणू कीटकाबाहेर जगू शकत नाही. तेव्हा ‘दोघांचा सारखाच फायदा’ हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य मला अपुरं वाटतं. माव्याने बुखनेराला सामावून घेतलं, त्याच वेळी बुखनेराचा परतीचा रस्ताही बंद झाला.

१३. जनुकं अशी गळतच राहिली तर एक दिवस जिवाणू निरुपयोगी होणार नाही का?

होतो, आणि तेव्हा कीटक तीनपैकी एखादा मार्ग धरताना दिसतो.

पहिला मार्ग दुसरा जिवाणू जोडीला घेण्याचा. देवदारावरच्या एका माव्यात बुखनेराला ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल एकट्याने बनवता येत नाही. उरलेलं काम सेराशिया हा दुसरा सहजीवी करतो. पिठ्या ढेकणात हा प्रकार आणखी पुढे गेला आहे. तिथे ट्रेम्ब्लाया या जिवाणूच्या आतच मोरानेला हा दुसरा जिवाणू राहतो, आणि एकेका अमिनो आम्लाच्या पायऱ्या तिघांत वाटलेल्या आहेत.

दुसरा मार्ग जुना सहजीवी काढून नवा आणण्याचा. जपानमधल्या काही सिकाडांत (झाडांवर बसून कर्कश आवाज करणाऱ्या, रस पिणाऱ्या कीटकांत) हॉजकिनिया हा जिवाणू नाहीसा झाला आहे. त्याची जागा घेतली आहे एका बुरशीने, आणि तिचे जवळचे नातेवाईक सिकाडांना मारणारे परजीवी आहेत. कालचा शत्रू आजचा पोशिंदा व्हावा, याचं इतकं सरळ उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

तिसरा मार्ग ओढाताणीचा. इतर काही सिकाडांत हॉजकिनियाच्या एका वंशाचे अनेक तुकडे झाले आहेत. प्रत्येकाकडे थोडी थोडी जनुकं उरली आहेत, त्यामुळे आईला सगळेच पिल्लांकडे पोहोचवावे लागतात.

१४. मग प्रतिजैविक फवारून जिवाणू मारले तर कीड आपोआप संपेल ना?

प्रयोगशाळेत जवळजवळ तसंच होतं. बुखनेरा काढून टाकलेला मावा खुरटतो आणि त्याला पिल्लं फार कमी होतात किंवा होतच नाहीत. शेतात मात्र हा उपाय करू नये. मातीतल्या, पाण्यातल्या आणि माणसाला रोग देणाऱ्या जिवाणूंत प्रतिजैविकांना न जुमानण्याची ताकद वाढेल, शिवाय मधमाश्यांचंही नुकसान होईल (प्रश्न १८).

१५. उन्हाळ्याचा या जिवाणूंवर परिणाम होतो का?

मोठा होतो. बरेच जुने सहजीवी उष्णतेपुढे कीटकाहून आधी हार मानतात. वाटाण्यावरच्या माव्यात बुखनेराच्या एका जनुकाशेजारचं फक्त एक अक्षर गळालं, तर उष्णतेपासून वाचवणारं प्रथिन पुरेसं बनत नाही. लहानपणी उष्णता सोसलेल्या अशा माव्याला पुढे पिल्लं होत नाहीत किंवा फारच थोडी होतात. पण हवा थंड असेल तर हेच मावे उलट जास्त पिल्लं देतात, म्हणून हा दोष टिकून आहे. परिस्थितीचा मुद्दा इथेही तोच, प्रश्न ९ मधला.

१६. धान्यातल्या सोंड्यात जिवाणू असतात, पण म्हाताऱ्या सोंड्यात सापडत नाहीत असं वाचलं. हे कसं?

बरोबर वाचलंत. सोंड्यातला सोडालिस टायरोसिन या अमिनो आम्लासाठी लागणारी सामग्री पुरवतो, आणि सोंड्याचं गडद, कडक कवच त्यावरच घडतं. कोशातून बाहेर पडलेल्या तरुण सोंड्यात हे जिवाणू झपाट्याने वाढतात. कवच पक्कं झालं की सोंडा आतड्यातल्या जिवाणूंना पचवून संपवतो. मादी मात्र अंडाशयातले जिवाणू राखून ठेवते, कारण ते पुढच्या पिढीला द्यायचे असतात. जिवाणू नसलेले सोंडे प्रयोगशाळेत जगतात, पण त्यांचं कवच पातळ आणि फिकट राहतं.

१७. वोल्बाकिया मित्र की शत्रू? आणि डेंग्यूशी त्याचा काय संबंध?

कीटकागणिक उत्तर बदलतं. वोल्बाकिया १९२४ मध्ये डासात सापडला. कीटक, कोळी वगैरे संधिपाद प्राण्यांच्या सुमारे ४० टक्के जातींत तो असावा, असा एक अंदाज आहे. तो आईकडूनच पिल्लांत जातो. नर त्याच्या दृष्टीने शेवटचा थांबा, म्हणून तो माद्यांची बाजू घेतो. त्याची सर्वांत प्रसिद्ध युक्ती अशी: वोल्बाकिया असलेल्या नराचा वोल्बाकिया नसलेल्या मादीशी संयोग झाला, तर अंडी मरतात. मादीत तो असेल तर अंडी वाचतात. त्यामुळे वोल्बाकियावाल्या माद्यांची संतती वाढत जाते. काही कीटकांत तो नर गर्भच मारतो. सामोआतल्या हिपोलिम्नास बोलिना या फुलपाखरांत २००१ मध्ये शंभरात जेमतेम एक नर उरला होता. पुढच्या पाचेक वर्षांत या फुलपाखरांत वोल्बाकियाला रोखणारं जनुक पसरलं आणि नर पुन्हा दिसू लागले.

ढेकणात मात्र तोच जीवनसत्त्वं देतो (प्रश्न ६), आणि फळमाशीला काही विषाणूंपासून वाचवतो. डेंग्यूचा संबंध इथे येतो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासात वोल्बाकिया सहसा नसतो. फळमाशीतला वोल्बाकिया त्याच्या अंड्यांत टोचून बसवला, तेव्हा डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढेनासा झाला. शिवाय वर सांगितलेल्या युक्तीमुळे असे डास सोडले की वोल्बाकिया स्थानिक डासांत आपोआप पसरतो. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात याची मोठी चाचणी झाली. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार असे डास सोडलेल्या भागांत डेंग्यूचं प्रमाण ७७ टक्के कमी होतं.

१८. मधमाश्यांच्या पोटातले जिवाणू कशासाठी?

कोठडीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कामकरी माशीचं आतडं जवळजवळ रिकामं असतं. काही दिवसांत पोळ्यातल्या इतर माश्यांकडून तिला ठरावीक जिवाणूंचा संच मिळतो. त्यांतला गिलियामेला परागकणांच्या कवचातलं पेक्टिन मोडतो. स्नॉडग्रासेला आतड्याच्या भिंतीवर थर धरतो आणि तिथला ऑक्सिजन वापरून टाकतो. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक दिलेल्या माश्यांत हा संच विस्कटला आणि पोळ्यात परत सोडल्यावर त्या कमी जगल्या. तणनाशक ग्लायफोसेटनेही तो बिघडतो असं दिसलं आहे.

१९. सगळ्याच कीटकांना असे जिवाणू लागतात का?

नाही, आणि हा अपवाद लहानसहान नाही. फुलपाखरं आणि पतंगांच्या अळ्यांचा शोध घेतला, तेव्हा शंभराहून जास्त जातींत कायम वस्तीचे म्हणावेत असे जिवाणू सापडले नाहीत. होते ते थोडे आणि बहुतांशी पानांवरून आलेले. तंबाखूवरच्या एका पतंगाच्या अळ्यांना प्रतिजैविक देऊनही त्यांच्या वाढीत फरक पडला नाही. अळी भराभर पानं खाते, भराभर पुढे ढकलते. त्या सपाट्यात जिवाणूंना स्थिरावायला वेळ मिळत नाही. पान हे अन्न म्हणून रसाइतकं अपुरंही नसतं.

२०. वोल्बाकियावाला डास चावला तर तो जिवाणू माणसात शिरतो का?

नाही. माणसाच्या पेशींत तो वाढत नाही. बुखनेरासारखे जिवाणू तर कीटकाबाहेर तगतच नाहीत (प्रश्न १२).

यात एक वळसा आहे. हत्तीरोगाचे कृमी माणसाच्या शरीरात राहतात, आणि त्या कृमींच्या आत वोल्बाकिया असतो. कृमी मेले की तो बाहेर सांडतो आणि सूज वाढायला तेही एक कारण ठरतं. पण या कृमींना वोल्बाकियावाचून जगता येत नाही, आणि इलाजाला तेच उपयोगी पडतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिलं की आधी जिवाणू मरतात, मग कृमींची वीण थांबते आणि हळूहळू प्रौढ कृमीही मरतात.